सेटिंगसाठी कॅल्शियम-बोरॉन: गोणी, पाकीट की बाटली?

कळी दिसायला लागली की कृषी सेवा केंद्रात एकच मागणी असते, “सेटिंगसाठी काहीतरी द्या.” सेटिंग म्हणजे फुलाचं फळ धरणं. काउंटरवर येतं ते बहुतेक वेळा कॅल्शियम-बोरॉन. हा माल तीन रूपांत मिळतो: कॅल्शियम नायट्रेटची गोणी, ईडीटीए कॅल्शियमचं (ईडीटीए या रसायनाने धरून ठेवलेल्या कॅल्शियमचं) पाकीट आणि ‘अमिनो’, ‘ग्लुकोनेट’ किंवा तत्सम नावाची रंगीत बाटली. तिन्हींवर छापलेला दावा जवळपास सारखाच असतो: परागनलिका जोमाने वाढते, फुलगळ थांबते, सेटिंग वाढतं. अर्धसत्य आहे ते. कॅल्शियमवाचून परागनलिका वाढत नाही, हे शंभर टक्के खरं. पण उमललेल्या फुलावर कॅल्शियम मारलं की ती जास्त वाढते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. आमचा कौल आधीच सांगतो. गोणी घ्या, ती ठिबकमधून आणि वेळेआधी द्या. बोरॉन वेगळं घ्या, ते कळीवर मारा. पाकिटाला मोजकंच काम आहे. बाटली घ्यायचीच असेल तर आधी लेबलवरचं गणित करून मग पैसे काढा.

कौल असा का, ते फुलात काय घडतं हे पाहिल्याशिवाय पटणार नाही.

परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडतो तेव्हा तो जवळजवळ सुकलेला असतो. कुक्षीकडून पाणी मिळालं की तो फुगतो, त्याच्यात कॅल्शियम शिरतं आणि एका बाजूने नलिका बाहेर पडते. ही नलिका फक्त टोकाशी वाढते, बाकीचा दांडा तसाच राहतो. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम फार कमी ठेवलेलं असतं, लिटरमागे एक मिलिमोलच्या दहा हजाराव्या भागाएवढं. टोकाच्या अगदी शेवटच्या काही मायक्रॉनमध्ये मात्र ते दहापट किंवा त्याहून जास्त चढतं. बाहेर कुक्षीवृंतात (कुक्षीखालच्या दांड्यात) ते मिलिमोलच्या घरात, म्हणजे आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. टोकाच्या पडद्यावरच्या वाहिन्या ठरावीक लयीत उघडतात, कॅल्शियम आत येतं, लगेच बाहेर किंवा कप्प्यांत उपसलं जातं, आणि पुन्हा येतं. लिलीच्या परागनलिकेत ही चढउतार मिनिटाला एक-दोनदा, कधी त्याहून लवकर होते आणि नलिकेची वाढही त्याच तालावर पुढे सरकते. भिंतीचा माल भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) कुठे रिकाम्या करायच्या, आतले धागे कुठे मोडायचे आणि कुठे जोडायचे, हे सगळं या चढउतारावर ठरतं.

म्हणजे इथे कॅल्शियम खाद्य म्हणून कमी आणि निरोप म्हणून जास्त काम करतं. निरोपाला अर्थ येतो तो फरकामुळे. शाळेची घंटा दिवसभर वाजत राहिली तर तास कधी संपला ते कुणालाच कळणार नाही. टोकातलं कॅल्शियम सतत वर राहिलं तर नलिकेचंही तेच होतं. रानपॉपीत तर झाड याच गोष्टीचा वापर करतं. स्वतःचाच पराग कुक्षीवर पडला तर कुक्षीतलं प्रथिन त्या परागात कॅल्शियमची लाट उठवतं आणि नलिका काही मिनिटांत थांबते. वाढवणारं कॅल्शियमच आणि रोखणारंही कॅल्शियमच, फरक फक्त चढण्याच्या पद्धतीचा.

नलिका बीजांडात, म्हणजे पुढे बी होणाऱ्या भागात, पोहोचल्यावरही हाच खेळ आहे. भ्रूणकोषाच्या (बीजांडातल्या, अंडपेशी असलेल्या पिशवीच्या) दाराशी दोन सहाय्यक पेशी असतात. नलिका जवळ आली की त्यांच्यात कॅल्शियमचे ठोके सुरू होतात, मग नलिका आणि तिला घेणारी सहाय्यक पेशी दोन्ही फुटतात आणि दोन नरयुग्मकं (नर पेशी) मोकळी होतात. त्यानंतर अंडपेशीतही कॅल्शियमची लाट उठते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपात चमकणारी प्रथिनं बसवून हे थेट पाहिलं गेलं आहे. यातल्या कुठल्याही टप्प्यावर बाहेरून फवारलेलं कॅल्शियम पोहोचत नाही. या पेशी अंडाशयाच्या आत, बीजांडाच्या आवरणांमागे असतात.

काही माहितीपत्रकांत ‘कॅल्शियम परागनलिकेला बीजांडाकडे ओढतं’ असंही लिहिलेलं असतं. त्याचं मूळ १९६२ सालच्या स्नॅपड्रॅगनवरच्या कामात आहे. त्या फुलाच्या परागनलिका खरोखर कॅल्शियमकडे वळल्या होत्या. पण सगळ्या पिकांना लागू पडेल असा तो नियम ठरला नाही. टोरेनिया या शोभेच्या रोपाच्या फुलात सहाय्यक पेशी लहान प्रथिनं सोडून नलिकेला बोलावतात, हे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. बाटलीवर अजून १९६२ चालू आहे.

आता बोरॉन. नलिकेची भिंत मुख्यतः पेक्टिन या चिकट पदार्थाची असते. कॅल्शियम पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधतं आणि बोरॉन पेक्टिनच्याच एका खास भागात पूल बांधतं. बोरॉन कमी पडलं तर टोकाची भिंत कच्ची राहते आणि नलिका फुटते. कॅल्शियम फार झालं तर भिंत वेळेआधी घट्ट होते, नलिका आखूड आणि जाड राहते. म्हणून फळधारणेच्या बाबतीत शेतात खरी टंचाई बहुतेक वेळा बोरॉनची निघते, कॅल्शियमची नव्हे. कॅल्शियमची टंचाई दिसते ती पुढे, फळ सुपारीएवढं झाल्यावर: टोमॅटोचं बूड काळं पडतं, साल कमकुवत राहते. दोन्ही एका बाटलीत घातल्याने दोघांची वेळही एकच आहे असा समज झाला आहे. तसं नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. कॅल्शियम झाडात मुळाकडून वर, पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातं. पानात एकदा बसलं की तिथून फुलाकडे परत फिरत नाही. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं. फुलातून आणि कोवळ्या फळातून बाष्प फार कमी उडतं, म्हणून तिथे प्रवाहच क्षीण असतो. फुलाला कॅल्शियम द्यायचं तर ते कळी तयार होत असताना, मुळावाटे, नियमित पाण्यासोबत द्यावं लागतं.

गोणी

साध्या कॅल्शियम नायट्रेटमध्ये १५.५ टक्के नत्र आणि १८.८ टक्के कॅल्शियम असतं. नत्रातला फार थोडा भाग अमोनियाकल, बाकी सगळा नायट्रेट. बोरॉनयुक्त प्रकारात साधारण १४.५ टक्के नत्र, १७ टक्के कॅल्शियम आणि ०.२५ टक्क्यांच्या आसपास बोरॉन येतं. चांगला माल पांढरा, सुट्या गोल दाण्यांचा. बोटांत चोळला तर किंचित ओशट लागतो, कारण दाण्यांवर गोळे होऊ नयेत म्हणून लेप असतो. बादलीत टाकला की पाणी हाताला स्पष्ट गार लागतं. हे खत विरघळताना उष्णता शोषून घेतं, त्यात भेसळ समजू नये. लेपामुळे वर पातळ तवंग किंवा तपकिरी फेस दिसू शकतो, तो गाळून घ्यायचा. तळाशी वाळूसारखा गाळ मुठीने निघायला लागला तर मात्र ती गोणी परत करावी.

ठिबकमधून एकरी ५ किलो हा प्रचलित डोस. त्यातून सुमारे ९४० ग्रॅम कॅल्शियम आणि ७७५ ग्रॅम नत्र जातं. या नत्राकडे दुर्लक्ष करू नका. पाण्याचा ताण देऊन बहार धरलेल्या डाळिंबात किंवा फुलोऱ्यातल्या द्राक्षात ऐन फुलात हा नायट्रेट वारंवार गेला की शेंडा धावतो, आणि धावणारा शेंडा फुलांच्या तोंडचं अन्न ओढतो. मग सेटिंगसाठी आणलेलं खतच फुलगळ वाढवतं. म्हणून हे कळी निघण्याच्या आधी एक-दोनदा, आणि पुन्हा फळाची गाठ धरल्यानंतर. मधे विश्रांती.

बोरॉनयुक्त गोणी घेतली म्हणजे बोरॉनचं काम झालं, असं समजणाऱ्यांसाठी एक हिशोब. ५ किलोत बोरॉन जातं १२.५ ग्रॅम. फवारणीत लिटरला ५ ग्रॅम घेतलं तर द्रावणात बोरॉन १२.५ पीपीएम (लिटरला १२.५ मिलिग्रॅम). वेगळं २० टक्के बोरॉन लिटरला १ ग्रॅम घेतलं तर २०० पीपीएम. सोळापट फरक आहे. बोरॉनयुक्त गोणी ही देखभालीची मात्रा आहे, टंचाई भरून काढणारी नाही. तरीही तिन्हींत पैशाला सगळ्यात जास्त देणारी वस्तू हीच.

ईडीटीए कॅल्शियमचं पाकीट

यात कॅल्शियम साधारण १० टक्के. लिटरला १ ग्रॅम या हिशोबाने २०० लिटरमध्ये एकरी जातं २० ग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच पाण्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅमने घेतलं तर १८८ ग्रॅम. भाव बघा आणि भागाकार करा.

चिलेट करण्याचा, म्हणजे अन्नद्रव्य रसायनात धरून ठेवण्याचा, मुद्दा लोह किंवा जस्ताला लागू आहे, कारण ती चुनखडीच्या जमिनीत अडकून पडतात. कॅल्शियम नायट्रेट मुळातच पूर्ण विरघळतं, फवारणीत त्याला कसलं संरक्षण हवं? उलट ईडीटीएने कॅल्शियम धरून ठेवलेलं असतं. फुलातल्या वाहिन्यांना लागतो तो मुक्त कॅल्शियम आयन. परागाच्या प्रयोगात तर ईडीटीएसारखी रसायनं कॅल्शियम *काढून घ्यायला* वापरतात. या पाकिटाचा खरा फायदा एकच: सौम्य मात्रेत ते फॉस्फेटयुक्त खतांबरोबर सहज साका धरत नाही आणि नत्र जवळजवळ वाढवत नाही. फळ वाढीत असताना नत्र नको आहे आणि टाकीत दुसरं काही मिसळायचं आहे, अशा वेळी घ्यायला हरकत नाही. सेटिंगसाठी नको.

बाटली

बाटलीबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही, कारण आत काय आहे यावर सगळं आहे. पण लेबल नीट वाचा. पहिलं, टक्केवारी कॅल्शियमची आहे की कॅल्शियम ऑक्साइडची? ऑक्साइडचा आकडा ०.७१५ ने गुणला की खरं कॅल्शियम निघतं. १० टक्क्यांचे ७.१५ होतात. दुसरं, टक्केवारी वजनाला वजन आहे की घनफळाला? जड द्रावणात घनफळाची टक्केवारी मोठी दिसते. तिसरं, बोरॉनचा आकडा दिलाय की नुसतं ‘बोरॉनयुक्त’ लिहिलंय? चौथं, खत नियंत्रण आदेश १९८५ खालची नोंद छापली आहे का? २०२१ पासून जैवउत्तेजकंही (बायोस्टिम्युलंट) याच आदेशाच्या कक्षेत आली आहेत. ‘सेंद्रिय आहे, नोंद लागत नाही’ हे उत्तर मिळालं तर बाटली काउंटरवर ठेवा आणि निघा.

काही द्रावणांत कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यात गैर काही नाही, टोमॅटोच्या बुडासाठी अर्धा टक्का कॅल्शियम क्लोराइडची फवारणी जुनी आणि कामाची आहे. फक्त ती उन्हात मारली किंवा मात्रा वाढली की पानांच्या कडा करपतात. लेबलवर क्लोराइड लिहिलेलं नसेल तर तुम्हाला करपण्याचं कारण कधीच कळणार नाही.

अमिनो ॲसिडमुळे कॅल्शियम ‘थेट फुलात’ जातं या दाव्याला आम्ही गुण देणार नाही. पानातून फुलाकडे जाण्याचा रस्ताच नसेल तर सोबती कोण आहे याने फार फरक पडत नाही.

बोरॉन वेगळं, आणि कधी

बोरिक ॲसिडमध्ये १७ टक्के बोरॉन, बोरॅक्समध्ये साडेदहा, आणि बाजारात ‘बोरॉन २०’ म्हणून मिळणाऱ्या डायसोडियम ऑक्टाबोरेटमध्ये २० टक्के. बोरॅक्स गार पाण्यात उशिरा विरघळतं, कोमट पाणी घ्या. ‘बोरॉन २०’ झटकन विरघळतं. लिटरला १ ग्रॅमच्या वर जायचं नाही आणि पहिल्यांदा मारत असाल तर अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करा, कारण बोरॉनची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळल्या तर पुढची फवारणी रद्द. कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत घालायचं असेल तर दोन्ही आधी वेगवेगळ्या भरपूर पाण्यात विरघळवून मगच एकत्र करा. घट्ट द्रावणं एकत्र केली तर, विशेषतः सामू (पीएच) चढा असेल तर, कॅल्शियम बोरेटचा गढूळपणा येतो.

वेळ: पहिली फवारणी फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळीवर. त्यानंतर थेट गाठ धरल्यावर. उमललेल्या फुलावर नाही. कारण मधमाशी तर आहेच, पण एक आकडेवारीही आहे. पराग वाढवण्याचं प्रयोगशाळेतलं सगळ्यात चालणारं माध्यम (पराग रुजवायचं द्रावण) म्हणजे ब्रूबेकर आणि क्वॅक या संशोधकांचं, १९६३ सालचं. त्यात कॅल्शियम सुमारे ५१ पीपीएम आणि बोरॉन साडेसतरा पीपीएम येतं. आपली कॅल्शियम नायट्रेटची ५ ग्रॅमची फवारणी ९४० पीपीएमची, म्हणजे अठरापट. बोरॉन २०० पीपीएम, म्हणजे अकरापटीहून जास्त. कुक्षीवर पडलेला थेंब वाळत जातो तसा तो आणखी घट्ट होतो. आणि वाळण्याआधी तो थेंब परागासाठी जवळजवळ साधं पाणीच असतो, साध्या पाण्यात तर अनेक पिकांचे परागकण फुगून फुटतात. ‘ऐन फुलात एक हात मारा’ हा सल्ला देणाऱ्याला हे आकडे दाखवा.

परागाची साधी तपासणी

फुलाचा पराग जिवंत आहे की नाही हे कळल्याशिवाय सेटिंगच्या नावाखाली खर्च करू नये, आणि ही तपासणी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकावर होते. माध्यम तेच, ब्रूबेकर आणि क्वॅक यांचं: १०० मिली ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम. हे दहापट घट्ट द्रावण फ्रिजमध्ये ठेवा. वापरताना त्यातलं १० मिली घ्या, १० ग्रॅम साखर घाला, पाण्याने १०० मिली करा. साखर घातलेलं द्रावण त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशी त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात. कॅल्शियम नायट्रेट प्रयोगशाळेतलं हवं, खताच्या गोणीतलं नको. त्यात अमोनियम असतं.

सकाळी नुकत्याच फुटलेल्या परागकोशातला पराग घ्या. पेट्री डिशमध्ये ओला टिपकागद, त्यावर दोन काड्या, काड्यांवर स्लाइड, स्लाइडवर एक थेंब. सुईने पराग *भुरभुरवा*, ढीग करू नका. यात लोक हमखास चुकतात. ब्रूबेकर आणि क्वॅक यांच्या कामाचा उगमच या कोड्यात होता: दाटीने पडलेले परागकण चांगले रुजत, विरळ पडलेले रुजत नसत. दाटीतले कण एकमेकांना काहीतरी पुरवत होते, आणि ते काहीतरी म्हणजे कॅल्शियम निघालं. ३९ कुळांतल्या ८६ प्रजातींत त्यांनी ते तपासलं. म्हणून ढीग टाकलात तर कॅल्शियम नसलेल्या थेंबातही पराग रुजेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

खोलीचं तापमान २५ ते २८ अंश. सदाफुलीचा पराग तासाभरात नलिका काढतो, त्यामुळे माध्यम बरोबर झालंय का हे आधी तिच्यावर तपासा. पिकाच्या परागाला दोन-तीन तास द्या. नलिकेची लांबी परागकणाच्या व्यासाएवढी किंवा जास्त असेल तरच तो कण ‘रुजला’ म्हणायचा. तीन-चार वेगवेगळ्या जागी मिळून किमान दोनशे कण मोजा, थेंबाच्या कडेचे सोडून. कडेला द्रावण आटून घट्ट झालेलं असतं.

शेजारी आणखी तीन थेंब लावले तर या सगळ्या लेखाचं सार डोळ्यांनी दिसतं. एकात कॅल्शियम नाही, एकात बोरॉन नाही, एकात कॅल्शियम वीसपट. नेहमीच्या थेंबात नलिका सडपातळ, सरळ, टोक काचेसारखं स्वच्छ आणि मागे कणांची धावपळ दिसते. बोरॉन नसलेल्या थेंबात टोकं फुटून आतला माल फवाऱ्यासारखा बाहेर पडलेला सापडतो. कॅल्शियम नसलेल्यात विरळ पराग बराचसा तसाच पडून राहतो, रुजलेल्यांच्या नलिकाही आखूड. वीसपट थेंबात नलिका खुंटलेल्या, जाड. प्रत्येक पिकात हे सारख्याच ठळकपणे दिसेल असं नाही, पण दिशा हीच राहते. मारायच्या बाटलीतलं द्रावण शेतातल्या मात्रेत, साखरेसह, पाचव्या थेंबात घाला. याहून स्वस्त परीक्षण नाही.

बाटली ज्याला काही करू शकत नाही

फुलगळीतली बरीचशी गळ गळण्यासाठीच असते. डाळिंबात घंटेच्या आकाराची फुलं नर असतात, त्यांचं अंडाशय खुरटलेलं असतं. फळ धरतं ते बुडाशी फुगीर, सुरईसारख्या फुलात. झाडाखाली पडलेली फुलं उभी चिरून पाहा. नव्वद टक्के घंटाफुलं असतील तर कॅल्शियमचा प्रश्नच नाही, काडीतला अन्नसाठा आणि ताणाचं व्यवस्थापन तपासा. हापूसच्या मोहोरात नर फुलांचंच प्रमाण प्रचंड, उभयलिंगी थोडी. काकडी, दोडका, कलिंगडात पहिली येणारी फुलं नर, ती गळणारच. टोमॅटोत दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा राहिला की परागच निकामी तयार होतो. तो कॅल्शियमने जिवंत होत नाही. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये माश्या नसतील तर फुलोऱ्यात मधपेट्या आणा, तो खर्च बाटलीपेक्षा कितीतरी कामाचा.

जमीन-पाण्याचाही हिशोब करा. सांगोला, पंढरपूर भागातल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम रग्गड असतं, पण तोच चुना आणि चढा सामू बोरॉन अडवून धरतात. तिथे माती परीक्षणात गरम पाण्यात विरघळणारं बोरॉन ०.५ पीपीएमच्या खाली आलं तर बोरॉनवर खर्च करा, कॅल्शियमवर नको. बोअरच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल आणि एका पाळीत एकरी २० हजार लिटर पाणी जात असेल तर दर पाळीला २ किलो कॅल्शियम फुकट जातंय, ५ किलो कॅल्शियम नायट्रेटच्या दुपटीहून जास्त. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलट: पावसाने कॅल्शियम आणि बोरॉन दोन्ही धुऊन गेलेलं, सामू उतरलेला. तिथे गोणी आणि बोरॉन दोन्हींना अर्थ आहे. आणि टंचाई असो-नसो, पाणी अनियमित असेल तर फुलापर्यंत काही पोहोचत नाही. जोराचं पोटॅश आणि अमोनियम खतंही मुळाशी कॅल्शियमला मागे रेटतात.

वापरताना

कॅल्शियम नायट्रेट १२:६१:००, ००:५२:३४ (ही दोन फॉस्फेटची विद्राव्य खतं) किंवा ००:००:५० (सल्फेटचं पोटॅश) बरोबर एका टाकीत कधीच घालू नका. पहिल्या दोघांबरोबर कॅल्शियम फॉस्फेट बनतं, तिसऱ्याबरोबर जिप्सम. दोन्हींनी ड्रिपर बंद होतात. फॉस्फेटचा साका ॲसिडने निघतो, जिप्समचा निघता निघत नाही. मॅग्नेशियम सल्फेटचंही तेच. मधे किमान एक दिवस जाऊ द्या आणि खत गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी सोडा. शंका असेल तर पारदर्शक बाटलीत त्याच प्रमाणात दोन्ही मिसळून अर्धा तास ठेवा. दुधासारखं झालं, तळाशी भुकटी बसली, तर ती टाकीत घालू नका.

गोणी फोडली की तोंड घट्ट बांधा आणि लाकडी फळीवर, सिमेंटपासून वर ठेवा. पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतलं पाणी ओढून दोन-तीन दिवसांत तिचा चिखल होतो. तो वाया गेलेला नसतो, पण वजनात आता पाणी आहे, त्यामुळे मोजून दिलेला डोस कमी पडतो. एकराला लागते तेवढीच उचला. पंचवीस किलोची गोणी एका एकरासाठी घेऊन हंगामभर पुरवणं परवडत नाही, शेजाऱ्याबरोबर वाटून घेणं परवडतं.